निर्णयाचा अवधी

(बेगडेवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडल्यावर आणि घोरावाडी गाठण्यापूर्वी बेगडेवाडीला थांबते. मागे देहूरोडची लष्करी छावणी, पुढे तळेगावची औद्योगिक वसाहत आणि या दोहोंच्या मध्ये शिल्लक राहिलेली शेती, असा हा पट्टा आहे. जमीन ठेवावी की विकावी, हा प्रश्न ज्याच्या उंबऱ्यावर कधी आलाच नाही, असे जुने घर येथे क्वचितच सापडेल. काहींनी विकली, काहींची सरकारने घेतली, काहींनी अर्धी विकून अर्धी राखली. विकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हाती काही वर्षांनी फारसे उरले नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. आणि त्यावरचा शहरी सुशिक्षितांचा निवाडा ठरलेला असतो. शेतकऱ्याला पैसा पचत नाही, त्याला दूरचे दिसत नाही, त्याने मूर्खपणा केला. खेदाची गोष्ट अशी की, हाच निवाडा कधी कधी पक्षाच्या बैठकांतूनही ऐकू येतो. फक्त तेथे त्याला सहानुभूतीची झालर असते.

या निवाड्यात एक गृहीत दडलेले आहे. निर्णय ही माणसाच्या डोक्यात, एकट्याने, एका क्षणी घडणारी गोष्ट आहे. तो चांगला ठरला तर डोके चांगले, वाईट ठरला तर डोके वाईट, असे ते गृहीत. बाजाराच्या तत्त्वज्ञानाला ते फार सोयीचे आहे. त्यामुळे सौद्यात बुडालेला माणूस स्वेच्छेनेच बुडाला, असे सिद्ध करता येते. परंतु निर्णय कसे घेतले जातात याचा जो शास्त्रीय अभ्यास गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत झाला, त्यात या गृहीताला फारसा आधार सापडलेला नाही.

हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९५०च्या दशकात अर्थशास्त्राच्या पायावरच बोट ठेवले. सर्व पर्याय समोर मांडून, प्रत्येकाचा नफातोटा काढून, त्यांतला सर्वोत्तम निवडणारा माणूस अर्थशास्त्राच्या पुस्तकात राहतो, जगात नाही, असे त्याने दाखवून दिले. जगातल्या माणसाजवळ माहिती तुटपुंजी असते, लक्ष मर्यादित असते आणि वेळ थोडा असतो. म्हणून तो बऱ्यापैकी वाटणाऱ्या पहिल्या पर्यायापाशी थांबतो. सायमनला १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या सिद्धांतातला एक शब्द मात्र कार्यकर्त्यांनी अधिक गांभीर्याने घ्यावा असा आहे. तो शब्द म्हणजे वेळ. कारण जमीन, भांडवल आणि शिक्षण यांची वाटणी विषम आहे, हे समाजवादी चळवळीने दीडशे वर्षे सांगितले. पण विचार करायला मिळणाऱ्या वेळेची वाटणीही तितकीच विषम आहे, याकडे तिचे लक्ष कमी गेले.

कारखानदार जागा निवडतो तेव्हा त्याच्याजवळ वकील असतो, सल्लागार असतो, नकाशे असतात, आणि मुख्य म्हणजे थांबण्याची ऐपत असते. मावळातला शेतकरी त्याच सौद्याच्या दुसऱ्या टोकाला बसतो तेव्हा सोसायटीचे कर्ज थकलेले असते, मुलीचे लग्न ठरलेले असते, आणि दलाल सांगत असतो की हा भाव आजच्यापुरता आहे. उद्या शेजारचा सर्व्हे नंबर मिळाला की या जमिनीला कोणी विचारणार नाही. इसार घेतला जातो, साठेखत होते, कुलमुखत्यारपत्रावर सही पडते. मुलीसाठी स्थळ पाहताना चार वेळा चौकशी करणारा माणूस जमिनीच्या कागदावर घटकाभरात सही करतो, याचे नवल करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की स्थळाच्या चौकशीला त्याला चार वेळा जाऊ दिले जाते.

टंचाईचा बुद्धीवर काय परिणाम होतो, याचा एक अभ्यास भारतातच झाला. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर अशा दोन वेळा बुद्धीच्या चाचण्या देण्यात आल्या. माणूस तोच, शिक्षण तेच. फरक एवढाच की पहिल्या वेळी हात रिकामा होता आणि दुसऱ्या वेळी उसाचे पैसे आलेले होते. पहिल्या वेळचे गुण लक्षणीय कमी भरले. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाईनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा हा निबंध २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आकडेमोडीवर पुढे विद्वानांत वाद झाले, आणि एका अभ्यासावर सगळा डोलारा उभारणे योग्यही नव्हे. परंतु उसनवारीचे दिवस ज्याने काढले आहेत त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. उद्याच्या हप्त्याची चिंता डोक्यात घर करून बसली की दहा वर्षांनंतरच्या विचाराला तेथे जागा उरत नाही. दूरचे न दिसणे हा डोळ्यांचा दोष नसतो. जवळचे इतके मोठे होऊन उभे असते की ते दूरचे झाकून टाकते.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या जोडीचे काम अधिक प्रसिद्ध आहे. १९७९ साली त्यांनी मांडले की माणूस नफा आणि तोटा एका तराजूने तोलत नाही. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख त्याला पुष्कळच मोठे वाटते. आणि काय मिळाले, काय गेले, हे तो कोठून मोजायला सुरुवात करतो, यावर सारे अवलंबून असते. १९८१ सालच्या त्यांच्या एका प्रयोगात रोगाची साथ कल्पिलेली होती: ६०० माणसे मरण्याचा संभव. एका गटाला सांगितले, या उपायाने २०० माणसे नक्की वाचतील. शंभरातल्या ७२ जणांनी तो खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय दुसऱ्या शब्दांत सांगितला, की ४०० माणसे नक्की मरतील. आता तो निवडणारे शंभरात २२च उरले. हिशेब एकच, शब्द फिरले आणि बहुमत फिरले. प्रकल्पाच्या जाहिरातीत किती जणांना रोजगार मिळेल हेच का छापलेले असते आणि किती जणांचा रोजगार जाईल हे का नसते, याचे उत्तर यात आहे. शब्दांची चौकट ज्याच्या हाती, त्याच्याकडे अर्धा निर्णय आधीच गेलेला असतो.

मात्र या पंथाच्या विद्वानांशी एका बाबतीत वाद घातला पाहिजे. तोट्याला अधिक भिणे ही मनाची चूक आहे, असा सूर त्यांच्या अनुयायांच्या लिखाणात वारंवार लागतो. ज्याच्याजवळ शंभर एकर आहेत त्याच्या बाबतीत ती चूक असेलही. दोन एकरवाल्याचे दोन एकर गेले तर तो पुन्हा उभा राहू शकत नाही. त्याच्या आयुष्यात मिळणे आणि जाणे खरोखरच सारख्या मापाचे नसते. त्याची भीती हा त्याचा हिशेबच आहे.

मावळाला लागून असलेल्या मुळशी पेट्यात शंभर वर्षांपूर्वी हेच घडले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायला घेतले. सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे यांनी लोक जमवले, पांडुरंग महादेव बापटांनी धुरा वाहिली आणि याच लढ्याने त्यांना सेनापती केले. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. सरकारच्या आणि कंपनीच्या लेखी हा एकरी दराचा प्रश्न होता. परंतु यातली बरीच जमीन सावकारांच्या नावावर होती, आणि ती कसणारा मावळा कूळ होता. मोबदला ज्याच्या नावावर यायचा त्याचा संसार बुडत नव्हता. ज्याचा बुडत होता त्याच्या नावावर मोबदला येत नव्हता. सावकार दराच्या वाटाघाटीकडे वळले, लढ्यात फूट पडली आणि १९२४च्या अखेरीस तो मावळला. इतिहासकार या पराभवाची अनेक कारणे देतात. निर्णयाच्या अभ्यासकाला मात्र एक गोष्ट टोचत राहील: मावळ्याला कोणी विचारलेच नव्हते. १८९४च्या भूसंपादन कायद्यात हरकत ऐकून घेण्याची तरतूदच मुळात नव्हती. ती कलम ५-अच्या रूपाने आली १९२३ साली, मुळशीचा लढा चालू असताना. आणि तीही तीस दिवसांपुरती. तातडीचे कलम लावले की तेही तीस दिवस काढून घेता येत. नव्वद वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. योजना आधी ठरली होती. पटवून देणे नंतरसाठी राखून ठेवले होते.

आता याच पट्ट्यातले अगदी वेगळे उदाहरण घ्यावे. बेगडेवाडीच्या अलीकडचे स्थानक देहूरोड. तेथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली होती. सामान्य माणसाला समजेल असा बुद्धधम्मावरचा ग्रंथ लिहिण्याचे काम चालू असल्याचे त्यांनी त्या वेळी सांगितले. दरवर्षी २५ डिसेंबरला या विहारापाशी लोक जमतात. पण देहूरोडचा तो दिवस एका फार लांब निर्णयातला अखेरचा टप्पा होता, ही बाजू पुरेशी बोलली जात नाही.

त्या निर्णयाचा आरंभ १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला झाला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०पासून चालू होता. वर्षामागून वर्ष लोक मार खात होते आणि दार उघडत नव्हते. हिंदू म्हणून मरणार नाही, असे आंबेडकरांनी तेथे जाहीर केले. म्हणजे सोडायचे काय, हे त्या दिवशी ठरले. जायचे कोठे, हे ठरायला एकवीस वर्षे लागली. धर्मांतर नागपूरला झाले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. या एकवीस वर्षांना विरोधकांनी धरसोड म्हटले, तर काही अनुयायांचाही धीर सुटला. प्रत्यक्षात ती वर्षे रिकामी नव्हती. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईला महार परिषद भरली. नेत्याने फर्मान काढावे आणि लोकांनी मान डोलवावी, असे तेथे झाले नाही. 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या भाषणात आंबेडकरांनी धर्मांतराची ऐहिक बाजू वेगळी मांडली आणि आध्यात्मिक बाजू वेगळी मांडली, आक्षेप एकेक करून घेतले आणि उत्तरे दिली. धर्मांतर हा पोरखेळ नाही, नावाड्याला प्रवासाआधी तयारी करावी लागते तशी ती याला करावी लागेल आणि किती जण यायला तयार आहेत हे कळल्यावाचून तयारी सुरू करता येणार नाही, असे त्यांनी श्रोत्यांना बजावले. पुढे इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलणी झाली, शीख धर्माचा विचार झाला, तो मागे पडला. कोलंबो आणि रंगूनचे प्रवास झाले. दिल्लीत राज्यघटनेचे काम चालू असतानाही हा प्रश्न फडताळात पडून राहिलेला नव्हता.

या अवधीत लोकांच्या मनात काय घडले असेल, ते मानसशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मोजणीचा आरंभबिंदू सरकला. महारवतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात गावाची हलकी कामे करायची, ही व्यवस्था शतकानुशतके चाललेली होती. त्या तुकड्याला लोक घट्ट धरून होते. हाती असलेले, कितीही कमी असले, तरी सुटत नाही. वतन म्हणजे मालमत्ता नव्हे, तर साखळी आहे, हे आंबेडकर १९२८पासून, मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणल्यापासून सांगत होते. जे मिळते त्यापासून मोजू नका, जे हिरावले गेले आहे तेथून मोजा, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. आणि मोजणी खरोखरच बदलली. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या होत्या. नागपूरला दीक्षा घेणाऱ्याच्या केंद्र सरकारच्या सवलती जाणार होत्या, आणि त्या गेल्या. बौद्धांना त्या परत मिळाल्या १९९० साली, चौतीस वर्षांनी. तरीही लाखो माणसांनी दीक्षा घेतली. तोट्याला भिणारा माणूस हे जर मानसशास्त्राचे अंतिम सत्य असते, तर दीक्षाभूमी ओस पडली असती.

ते एकेकट्याने झाले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सॉलोमन ॲश याने १९५१ साली एक साधा प्रयोग केला. कार्डावरच्या तीन रेघांपैकी नमुन्याच्या रेघेएवढी कोणती, एवढेच सांगायचे होते. खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलेले होते आणि ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना ढळढळीत दिसत असूनही सुमारे एक-तृतीयांश वेळा माणूस गर्दीबरोबर चुकला. पण खोलीत खरे बोलणारा एकजण जरी सोबतीला असला, तरी हे चुकणे झपाट्याने कमी झाले. गावात बहिष्काराच्या छायेत राहणाऱ्या एकट्या घराला जे अशक्य होते, ते वस्तीने मिळून ठरवल्यावर शक्य झाले, याची गुरुकिल्ली या एका सोबत्यात आहे. दलालालाही ती चांगली ठाऊक असते. म्हणून तो भावाभावांना वेगवेगळे गाठतो.

समूहाने ठरवले म्हणजे सगळे साधले, असे मात्र नव्हे. समूहाची दडपशाही हाही अनुभवाचाच भाग आहे, आणि हात वर करून झालेल्या कित्येक ठरावांत मागच्या रांगेतल्यांचे मन कोणी पाहिलेले नसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने यावर स्वतःची रीत शोधली. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. अभ्यासगटात नुसता विचार होतो, निर्णय होत नाही. बाहेरची जाणकार माणसेही तेथे बसतात. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचे जरी समाधान झाले नसेल तरी विषय पुढे ढकलला जातो. वेळ लागतो, हे खरेच. पण या गावाला २००९ साली देशात अगदी प्रथम सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ साली त्याने आपली जमीन ग्रामदान केली. त्या मागे हीच वेळ खर्च झालेली आहे.

२०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने हरकतीची मुदत तीस दिवसांवरून साठ दिवस केली. सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक ठरवला. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती मागितली, आणि तातडीचे कलम संरक्षण व नैसर्गिक आपत्ती यांपुरते आवळले. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देण्याची वाट काढली, तेव्हा चर्चा झाली ती दराची. दिवस गेले, याची फारशी झाली नाही. कार्यकर्ता गावात पोचतो तोही बहुधा साठातले पन्नास दिवस उलटल्यावर, मोर्चाची तारीख खिशात घालूनच. शेतकऱ्याने काय ठरवावे हे तो सांगतो. दलालही तेच करत असतो. नोटीस लागल्याच्या पहिल्या आठवड्यात सातबारा, नकाशा आणि योजनेचा मराठी मजकूर घेऊन घरोघर बसणे, भाऊ-भाऊ एका ओसरीवर आणणे आणि विकणाऱ्याचेही म्हणणे पूर्ण ऐकणे, हे मोर्चापेक्षा कंटाळवाणे काम आहे. त्याचा फोटो निघत नाही.

आणि ज्या कागदाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते तो हक्कसोडपत्राचा. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तर २००५च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. तरीही जमिनीचा व्यवहार ठरला की बहिणीला निरोप जातो, ती एस.टी.ने किंवा लोकलने येते, आणि त्याच दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयात तिची सही होते. कागद तिने वाचलेला नसतो. रक्कम तिला माहीत नसते. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढेच तिला माहीत असते, आणि हा तोटा तिने बरोबर मोजलेला असतो. सरकारने साठ दिवस द्यावेत म्हणून उपोषणाला बसलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही ही सही अशीच होते. तिचा कागद चार-आठ दिवस आधी तिच्या सासरी पोचवावा, तो तिला वाचून दाखवणारे माणूस भावाचे नसावे, आणि नाही म्हटल्यानंतरही भाऊबीजेला तिला बोलावणे यावे, एवढे या वर्गाला आलेल्या प्रत्येकाला आपल्या घरापासून सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.